सुधारित स्टार्चने सांडपाण्यातले जड धातू काढायला शिकताना

पाण्यातली सेंद्रिय घाण जिवाणू खाऊन टाकतात, रंग उन्हाने किंवा क्लोरीनने मोडतो, पण धातूचा अणू कशानेच मोडत नाही. शिसे, कॅडमियम, तांबे, निकेल पाण्यातून निघाले म्हणजे ते दुसरीकडे कुठेतरी गेले. स्टार्चवर बसले असतील, साका होऊन तळाशी गेले असतील, काचेला चिकटले असतील, नाहीतर गाळणकागदात अडकले असतील. हे काम शिकताना दर पायरीला स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: धातू आत्ता कुठे आहे? खालचे सगळे टप्पे मी याच प्रश्नाभोवती लिहिले आहेत. सुरुवातीला मी तो विचारला नाही आणि कित्येक आठवड्यांची मोजमापे फुकट घालवली.

साधा स्टार्च का चालत नाही

स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या कड्यांची लांब साखळी. सरळ साखळीला अमायलोज म्हणतात, फांद्या फुटलेलीला अमायलोपेक्टिन. मक्याच्या किंवा बटाट्याच्या नेहमीच्या स्टार्चमध्ये अमायलोज साधारण २० ते ३० टक्के असतो, बाकीचा अमायलोपेक्टिन. प्रत्येक कडीवर तीन हायड्रॉक्सिल गट असतात. त्यांच्यावर विद्युतभार नसतो, त्यामुळे धातूच्या धन आयनांना त्यांचे फारसे आकर्षण नसते. साधा स्टार्च धातूच्या पाण्यात ढवळून पाहा, आकड्यांत जेमतेम फरक दिसेल.

दुसरी अडचण जास्त वाईट आहे. पाणी ६० ते ७० अंश सेल्सिअसच्या आसपास तापले की स्टार्चचे कण फुगतात, फुटतात आणि खळ तयार होते. विरघळलेल्या साखळीवर धातू बसला तरी तो पाण्यातच राहतो, फक्त आता साखळीला धरून तरंगतो.

म्हणून सुधारणा दोन करायच्या असतात. साखळीवर धातूला धरणारे गट बसवायचे आणि साखळ्या एकमेकींना आडव्या बांधून टाकायच्या, म्हणजे पदार्थ पाण्यात फुगेल पण विरघळणार नाही. नवशिके पहिल्या सुधारणेच्या मागे लागतात आणि दुसरी विसरतात.

कोणता गट, कोणत्या धातूसाठी

गंधक असलेले गट पारा, चांदी, कॅडमियम, शिसे यांना घट्ट धरतात. कार्बोक्सिल आणि फॉस्फेट गट तांबे, शिसे, जस्त, निकेल यांच्यासाठी चांगले, कारण तिथे मुख्यतः आयन विनिमय होतो: गटावरचे सोडियम सुटते, धातू बसतो. अमाइनचे गट तांब्याला जोडतात. कायमचा धन भार असलेला कॅटायनिक स्टार्च मात्र धन आयनांसाठी नाही, तो क्रोमेटसारख्या ऋण आयनांसाठी.

षट्संयुजी क्रोमियमवर, म्हणजे क्रोमियमच्या +६ रूपावर, बरेच जण इथेच फसतात. नावात धातू आहे म्हणून ते कार्बोक्सिल स्टार्चने निघेल असे वाटते, पण पाण्यात ते क्रोमेट किंवा डायक्रोमेट या ऋण आयनाच्या रूपात असते आणि ऋण भाराचा स्टार्च त्याला दूर ढकलतो. त्यात आणखी एक फसवणूक आहे. आम्लधर्मी पाण्यात सेंद्रिय पदार्थ षट्संयुजी क्रोमियमचे त्रिसंयुजी क्रोमियम करू शकतात. डायफिनाइल कार्बाझाइडची जांभळ्या रंगाची चाचणी फक्त षट्संयुजी रूप दाखवते. चाचणीत आकडा खाली येतो, माणूस खूश होतो, आणि सगळे क्रोमियम पाण्यातच असते. क्रोमियमवर काम कराल तेव्हा एकूण क्रोमियम वेगळे मोजाच.

या क्षेत्रातला जुना आणि गाजलेला पदार्थ म्हणजे अविद्राव्य स्टार्च झँथेट. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या इलिनॉय राज्यातल्या पिओरिया इथल्या प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात त्याच्यावर मोठे काम झाले. आधी एपिक्लोरोहायड्रिनने साखळ्या बांधायच्या, मग अल्कलीत कार्बन डायसल्फाइडशी अभिक्रिया करून गंधकाचे गट बसवायचे, आणि पदार्थ टिकावा म्हणून मॅग्नेशियमचा क्षार घालायचा. तो धातू फार छान पकडतो. तरीही पहिला प्रयोग म्हणून त्याच्या वाटेला जाऊ नका. कार्बन डायसल्फाइड ४६ अंशांना उकळतो, त्याची वाफ मज्जासंस्थेला विषारी आहे, आणि सुमारे ९० अंशांच्या गरम पृष्ठभागावरही ती ठिणगीशिवाय पेट घेऊ शकते. एपिक्लोरोहायड्रिन कर्करोगाच्या संशयितांत मोडतो. विषारी वाफ बाहेर ओढणारे सुसज्ज धुराडे आणि शेजारी उभा राहणारा अनुभवी माणूस, हे दोन्ही असतील तरच ती वाट धरावी.

सुरुवातीला सायट्रेट स्टार्च करावा. सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबूसत्त्व, कोरडेपणी तापवले की त्यातून पाणी निघून ॲनहायड्राइड बनते आणि ते स्टार्चच्या हायड्रॉक्सिलला एस्टर बंधाने जोडले जाते. काही रेणू दोन साखळ्यांना एकत्र बांधतात, उरलेले कार्बोक्सिल गट धातूसाठी मोकळे राहतात. दोन्ही सुधारणा एकाच भट्टीत होतात.

पदार्थ तयार करणे

स्टार्च मक्याचा घ्या किंवा बटाट्याचा, पण प्रयोगशाळेच्या कपाटातली ‘विद्राव्य स्टार्च’ लिहिलेली बाटली घेऊ नका. तो आम्लाने साखळ्या तोडलेला स्टार्च असतो, आयोडीनच्या अनुमापनात, म्हणजे माहीत असलेले द्रावण थेंब थेंब घालून दुसऱ्याचे प्रमाण मोजताना, दर्शक म्हणून वापरायचा. आपल्याला नेमके उलटे हवे आहे.

४ ग्रॅम सायट्रिक आम्ल ४ मिलिलिटर पाण्यात विरघळवा. त्यात सोडियम हायड्रॉक्साइडचे तीव्र द्रावण थेंब थेंब घालत पीएच, म्हणजे सामू, ३.५ वर आणा. द्रावण तापते, भांडे थंड पाण्यात धरा. मग पाणी घालून एकूण १० मिलिलिटर करा. हे १० ग्रॅम स्टार्चमध्ये खलबत्त्यात नीट कालवा, एकही कोरडी गुठळी राहू देऊ नका. झाकून रात्रभर, साधारण १६ तास, खोलीच्या तापमानाला ठेवा. आम्ल कणांच्या आत मुरायला हा वेळ लागतो, आणि तो कापला की काही कण भरपूर बदलतात आणि काही कोरेच राहतात.

दुसऱ्या दिवशी पातळ थर पसरून ५० अंशांना वाळवा. इथे घाई केलीत आणि ओला गोळा सरळ १३० अंशांत ठेवलात तर त्याची आधी खळ होईल आणि मग दगड. पूर्ण वाळल्यावर कुटून बारीक करा आणि हवा खेळती असलेल्या ओव्हनमध्ये १३० अंशांना ४ तास ठेवा. मधूनमधून परतत राहा. रंग मलईसारखा किंवा फिकट पिवळा यायला हवा. तपकिरी झाला म्हणजे स्टार्च जळायला लागला.

यानंतर धुणे. ही पायरी कंटाळवाणी आहे आणि सगळ्यात महत्त्वाचीही. न जोडले गेलेले सायट्रिक आम्ल आत राहिले तर ते नंतर पाण्यात सुटते आणि तांब्याला स्वतःच कवेत घेऊन द्रावणातच धरून ठेवते. म्हणजे तुम्ही धातू काढायला घातलेला पदार्थच धातूला पाण्यात थांबवतो. भरपूर पाण्यात ढवळा, बसू द्या, वरचे पाणी टाका. असे पाच-सहा वेळा करा, आणि धुतलेल्या पाण्याचा सामू तुमच्या शुद्ध पाण्याइतका येईपर्यंत थांबू नका.

धुतलेल्यातला थोडा भाग चाचणीसाठी बाजूला ठेवा. उरलेला पाण्यात कालवून त्यात खायच्या सोड्याचे पातळ द्रावण हळूहळू घाला. फेस येईल. सामू ६ च्या जवळ स्थिर झाला की पुन्हा धुवा आणि ५० अंशांना वाळवा. हा सोडियम रूपातला सायट्रेट स्टार्च. तीव्र अल्कली इथे वापरू नका, एस्टर बंध अल्कलीत तुटतात आणि केलेली मेहनत पाण्याबरोबर वाहून जाते.

धातूला हात लावण्याआधी दोन चाचण्या

पहिली आयोडीनची. अर्धा ग्रॅम पदार्थ ५० मिलिलिटर पाण्यात दोन तास हलवा, गाळा, आणि गाळलेल्या पाण्यात आयोडीनचे दोन थेंब टाका. गडद निळा किंवा जांभळा रंग आला तर साखळ्या सुटत आहेत, बांधणी अपुरी झाली. ओव्हनमधला वेळ वाढवून पुन्हा करा. ही एवढीशी चाचणी न केल्यामुळे पुढचे महिने वाया गेलेले मी पाहिले आहेत.

दुसरी अनुमापनाची. बाजूला ठेवलेला भाग पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात थोडा वेळ ढवळा, म्हणजे सगळे कार्बोक्सिल आम्ल रूपात येतील. मग क्लोराइड पूर्ण जाईपर्यंत धुवा; गाळलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटने पांढरट गढूळपणा येईनासा झाला की पुरे. वाळवा. त्यातला ०.५ ग्रॅम मिठाच्या पातळ द्रावणात ढवळत ठेवा आणि ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने फिनॉल्फ्थॅलीन वापरून सावकाश अनुमापन करा. फुगलेल्या कणाच्या आतले आम्ल बाहेरच्या अल्कलीला उशिरा भेटते, म्हणून गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला तरच तो खरा माना. समजा ५ मिलिलिटर लागले, तर अर्ध्या ग्रॅममध्ये ०.५ मिलिमोल (मोल हे रेणू-आयनांची संख्या मोजायचे एकक), म्हणजे दर ग्रॅमला १ मिलिमोल कार्बोक्सिल.

हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठा लिहून ठेवा. तांब्याच्या एका आयनाला दोन कार्बोक्सिल लागतात असे धरले तर दर ग्रॅमला ०.५ मिलिमोल तांबे, म्हणजे सुमारे ३२ मिलिग्रॅम, ही विनिमयाची ढोबळ कमाल मर्यादा झाली. तुमचे मोजमाप याच्या फार वर गेले तर आनंद मानण्याआधी साका कुठे पडला ते शोधा.

पहिला प्रयोग तांब्यावर

पारा, कॅडमियम, शिसे यांना पहिल्याच दिवशी हात लावायचे कारण नाही. मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, स्वस्त आहे आणि त्याचे द्रावण निळे दिसते. तरी हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि मोरी या प्रयोगासाठी बंद समजा.

३.९३ ग्रॅम निळे, पाच रेणू पाण्याचे मोरचूद १ लिटर शुद्ध पाण्यात विरघळवले की दर लिटरला १००० मिलिग्रॅम तांब्याचे मूळ द्रावण मिळते. त्यातले ५० मिलिलिटर घेऊन १ लिटर केले की दर लिटरला ५० मिलिग्रॅम. सामू ५ वर आणा.

सहा बाटल्यांत प्रत्येकी १०० मिलिलिटर द्रावण घ्या. तीन बाटल्यांत प्रत्येकी ०.१ ग्रॅम सायट्रेट स्टार्च घाला. चौथीत तेवढाच साधा स्टार्च. पाचवीत काहीच घालू नका. सहावीतले द्रावण ओतून टाकून तिथे तेवढेच, सामू ५ चे शुद्ध पाणी आणि ०.१ ग्रॅम सायट्रेट स्टार्च ठेवा. ओतलेले द्रावण कचऱ्याच्या बरणीत. शेवटच्या तीन बाटल्या अनेकांना वेळेचा अपव्यय वाटतात. माझ्या मते पहिल्या तीन बाटल्यांना किंमत या शेवटच्या तिघींमुळेच येते. पाचवी सांगते की काच, गाळणकागद आणि साका यांनी मिळून किती धातू खाल्ला. चौथी सांगते की सुधारणेने खरोखर काही मिळवले का. सहावी सांगते की तुमच्या पदार्थातून असे काही सुटत नाही ना, जे मोजमाप बिघडवेल.

दोन तास हलवा. मग सामू पुन्हा मोजा आणि लिहा, कारण सोडियम रूपातला पदार्थ सामू वर चढवू शकतो. ०.४५ मायक्रोमीटरच्या गाळणीतून गाळा, आणि नमुन्याचा सामू २ च्या खाली जाईल इतके नायट्रिक आम्ल त्यात घाला. आम्ल नेहमी गाळल्यावरच घालायचे. आधी घातले तर स्टार्चवर बसलेला धातू पुन्हा पाण्यात उतरतो. मोजणी अणुशोषण वर्णपटमापीवर करा, म्हणजे धातूचे अणू किती प्रकाश शोषतात त्यावरून तीव्रता सांगणाऱ्या यंत्रावर. अमोनिया घालून येणारा गडद निळा रंग तांबे आहे की नाही हे दाखवायला सुंदर आहे, पण थोड्या तांब्यासाठी तो फार फिका पडतो, त्यावर हिशेब मांडू नका.

हिशेब सोपा आहे. सुरुवातीची तीव्रता वजा शेवटची, गुणिले लिटरमध्ये आकारमान, भागिले ग्रॅममध्ये स्टार्च. समजा पाचव्या बाटलीत ५० निघाले आणि पहिल्या तिघींत सरासरी २२. मग (५० − २२) × ०.१ ÷ ०.१, म्हणजे दर ग्रॅमला २८ मिलिग्रॅम. आपली मर्यादा ३२ होती, म्हणजे हा आकडा पटण्यासारखा आहे. टक्केवारीत तो ५६ येतो. नुसती टक्केवारी सांगणाऱ्या निष्कर्षावर मी विश्वास ठेवत नाही, कारण स्टार्च दुप्पट घातला की टक्केवारी वाढते आणि दर ग्रॅमचा आकडा घसरतो. दोन्ही एकत्र सांगावेत.

सामूचा सापळा

हाच प्रयोग सामू २, ३, ४ आणि ५ वर करा. २ वर जवळपास काही निघणार नाही. हायड्रोजन आयन इतके असतात की कार्बोक्सिलवर धातूला जागा मिळत नाही. सामू चढेल तशी पकड वाढते. मग मोह होतो की ७, ८ वरही पाहू.

मी तो मोह आवरला नव्हता. सामू ८ वर ९८ टक्के तांबे निघाले आणि मी तो आकडा अभिमानाने सगळ्यांना दाखवला. नंतर कुणीतरी विचारले, स्टार्च न घालता किती निघते? बाटली लावली. तितकेच निघाले. दर लिटरला ५० मिलिग्रॅम तांबे असेल तर सामू ६ च्या थोडे अलीकडेच तांब्याचे हायड्रॉक्साइड साका म्हणून पडायला लागते. ८ वर सगळे काम अल्कलीने केले होते, माझा स्टार्च नुसता पाहत होता. तेव्हापासून पाचवी बाटली माझ्या प्रत्येक प्रयोगात, प्रत्येक सामूवर असते.

वेळेचा अभ्यास यापेक्षा सोपा आहे. ५, १५, ३०, ६०, १२० मिनिटांना वेगवेगळ्या बाटल्या उघडा आणि आकडा कुठे थांबतो ते पाहा. मग तीव्रता १० पासून २०० पर्यंत बदलून आलेख काढा. तो सपाट होत गेला तर लँगम्युरच्या समीकरणाने (पृष्ठभागावर धातूला मोजक्याच जागा आहेत असे धरणारे) कमाल क्षमता काढता येते आणि ती अनुमापनाच्या आकड्याशी ताडून पाहता येते. २०० वर साका आणखी लवकर पडतो, तिथे सामू ५ च्या वर जाऊ देऊ नका.

खऱ्या सांडपाण्याकडे जाताना

मोरचुदाच्या स्वच्छ द्रावणात मिळालेला आकडा खऱ्या सांडपाण्यात घसरतोच. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जागा अडवतात. तेल कणांवर लेप चढवते. मुलामा देण्याच्या कामातल्या पाण्यात अमोनिया, ईडीटीए किंवा सायनाइड असेल तर धातू त्यांच्याशी आधीच बांधलेला असतो आणि स्टार्चकडे येत नाही. सायनाइडची शंका जरी असली तरी त्या पाण्यात आम्ल घालू नका, हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो आणि तो जीव घेतो. असे पाणी नवशिक्याने घेऊच नये.

किती स्टार्च लागेल याचा अंदाज आधी कागदावर करा. १००० लिटर पाण्यात दर लिटरला ५० मिलिग्रॅम तांबे म्हणजे ५० ग्रॅम तांबे. दर ग्रॅमला २८ मिलिग्रॅम धरले तरी जवळपास १.८ किलो स्टार्च लागला. प्रत्यक्षात जास्तच लागेल, कारण शेवटी पाण्यात धातू थोडाच उरतो तेव्हा स्टार्च पूर्ण भरत नाही. म्हणून मोठा भार चुन्याने किंवा अल्कलीने साका पाडून काढावा आणि मागे उरलेल्या शेवटच्या काही मिलिग्रॅमसाठी स्टार्च वापरावा. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मार्गदर्शक मर्यादा शिशासाठी दर लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आणि कॅडमियमसाठी ०.००३ मिलिग्रॅम आहे. सांडपाण्याचे निकष वेगळे असतात, पण किती खालच्या आकड्यांची ही लढाई आहे ते यावरून कळते.

बारीक पूड नळीत भरून पाणी सोडायचा प्रयत्न लगेच करू नका. सोडियम रूपातला स्टार्च फुगतो आणि नळी तुंबते. टाकीत ढवळणे, बसू देणे, गाळणे हेच सुरुवातीला बरे.

भरलेल्या स्टार्चचे काय करायचे

स्टार्च निसर्गात सहज कुजतो, हे त्याच्या कौतुकात नेहमी सांगितले जाते. धातू भरल्यावर हाच गुण उलटतो. जिवाणूंनी साखळी खाल्ली की धातू मोकळा. म्हणून भरलेला स्टार्च मातीत, खतात किंवा साध्या कचऱ्यात जाता कामा नये. उघड्यावर जाळूही नका, धातू राखेत आणि धुरात जातो. ओला साठवला तर बुरशी लागते, म्हणून वाळवून, धातूचे नाव आणि तारीख लिहून, घातक कचरा म्हणून अधिकृत व्यवस्थेकडेच द्या.

धातू परत काढायचा असेल तर ०.१ मोलर आम्लात अर्धा तास ढवळा. तांबे थोड्याशा आम्लात, आधीपेक्षा कितीतरी जास्त तीव्रतेने उतरते. ते मोजा. पाण्यातून गेलेले तांबे आणि आम्लात उतरलेले तांबे जुळले, तर तुमच्या प्रयोगात धातू खरोखर स्टार्चवर होता. जुळले नाही तर बाटलीच्या तळाशी आणि गाळणकागदावर शोधा. स्टार्च धुऊन, सोड्याने पुन्हा सोडियम रूपात आणून परत वापरता येतो. दर फेरीला क्षमता थोडी घटते, कारण काही एस्टर बंध तुटतात.

तांब्याचा हिशेब तीन वेळा जुळला की शिशाकडे वळा. तेव्हा मूळ द्रावणासाठी १ लिटरला १.६० ग्रॅम लेड नायट्रेट लागेल, आणि परत काढताना हायड्रोक्लोरिक आम्ल घेऊ नका. लेड क्लोराइड कमी विरघळते, शिसे पुन्हा साक्यात जाऊन बसण्याचा धोका असतो. नायट्रिक घ्या.